बटण बंद, वायर चालू

वायरमनसाहेब,

टक्. बटण बंद केलं तसा शांत बाथरूममध्ये गीझरचा रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, सुटला. करंट गेला असं समजून मी छोटीला आंघोळीला उभं केलं. नळाला हात लावताच ती किंचाळली.

नळाला टेस्टर लावला, तर पेटला. करंट आणणारी लाल वायर अपुरी पडली म्हणून तू बटण न्यूट्रलवर, परतीच्या वायरवर घेतलंस. ते बंद केलं तरी आत करंट उरतोच. अर्थिंगही जोडलं नाहीस, म्हणून गळणारा करंट नळात उतरला. वर म्हणालास, "चालतंय, घरचंच आहे." लोकांच्या घरी असं केलं असतंस का रे? किळस आली मला.

मेन स्विच पाडलाय, वर करू नकोस. छोटीचा हात दाखवायला डॉक्टरांकडे निघालोय. चप्पल घालता घालता ती विचारतेय, "मी नळाला हात लावला म्हणून बाबा रागावतील का गं?"