डब्यात करंट येत नाई

२ एप्रिल
रोहितचा कम्पुटर बंद पडला. बटन दाबलं तर ना दिवा, ना पंखा. पोट्टा खाटेवरून हात लांबवून दाबूनच राह्यला. म्हटलं, बटन आत जाईल. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकनं नातवाचे पाय नेले, तवापासून पोट्टा त्या कम्पुटरच्या डब्यापायीच उठून बसते. लग्नाच्या पत्रिका, बॅनर. जयंतीचं बॅनर अर्ध झालं होतं.

३ एप्रिल
त्याच बोर्डात बल्ब लावला, लागला. म्हणजे लाइन हाये. वायर खराब असंल म्हणून भाताच्या कुकरचा वायर लावला, दोन्हीचं तोंड सारखंच. तरी नाई. सून म्हणे, "आई, मंग भात कायच्यावर शिजवू?" म्हटलं, माह्या डोक्यावर. गरमच हाये.

५ एप्रिल
मूल गावावरून रशीदभाऊ मेकॅनिक आले. डबा खोलला. "आजी, पिन द्या." डोक्यातली दिली. त्या पिनेनं हिरवा वायर काळ्या वायरले जोडला. आतला पंखा दोन चकरा फिरला न थांबला. म्हणे, "पावर सप्लाय गेली." मंग डब्याच्या मागून उंदराच्या लेंड्या निघाल्या, कुरतडलेले वायर, न चार मोहफुलं.
फुलं मी पदरात बांधली.
मागं ढग आले तवा वाळत घातलेला मोह मीच आत घेतला. पोतं डब्यामागं ठेवलं. तिथी गरम राहाते, मोह नरम पडत नाई. अक्कल माहीच.

८ एप्रिल
नवी पावर सप्लाय बसवली. चालू झाला! रोहित पाठीले उशी लावून बसला. बॅनरचा निळा रंग लावला न टक. बंद.
रशीदभाऊ फोनवर: "उंदराचं मूत डब्यातल्या मोठ्या बोर्डावर गेलं असंल. तो सडला तर मंग..."

१० एप्रिल
रशीदभाऊनं सांगितलं तसं मी न सुनेनं केलं. सारे वायर काढले, मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली, परत बसवली. पंखा फिरते, थांबते, फिरते, थांबते. दमेकऱ्यावानी. रोहितनं पाह्यलं बी नाई.

१२ एप्रिल
वस्तीतले पोट्टे आले. "रोहित भाऊ, बॅनर?" भिंतीकडं तोंड करून म्हणे, "मूलले छापून घ्या." गेले.
जेवला नाई. पडून पडून पाठीले जखम धरली. डॉक्टर म्हणाले होते, बसवत राहा. बसत नाई तर काय बांधू?
त्याले सांगून टाकलं. "उंदीर माह्या मोहानं आणले."
"माहीत हाये. कुरतडाचा आवाज ये रोज."
"मंग बोलला काऊन नाई?"
"तू मोहाचं पोतं पाहून एवढी खुश होती, आजी."
असं बोलते मेला. शिवी दिली असती तर बरं होतं.

१४ एप्रिल
मिरवणूक दारावरून गेली. त्यानं खिडकी लावाले लावली. सून गेली, मी नाई गेली.

१६ एप्रिल
डबा चादरीत बांधून बसनं चंद्रपूरले नेला. कंडक्टर म्हणे, "आजीबाई, मांडीवर काय हाये?" म्हटलं, पेशंट. दुकानदारानं भिंगातून बोर्ड पाह्यला. "ठेवून जा. पाहतो. भरोसा नाई."
घरी आली तर रोहित बोलला. चार दिवसांत पह्यल्यांदा. "काय म्हणे?"
"आठ दिवस लागते म्हणे."

२० एप्रिल
आता रोहित रोज विचारते, दुकानाचा फोन आला का. विचाराले उठून बसते. दोन पोळ्या खाल्ल्या. जखम कोरडी पडून राह्यली, सून म्हणे.

२२ एप्रिल
सकाळी फोन आला. बोर्ड जळला, आता होत नाई, एवढा जुना मिळत बी नाई, डबा घेऊन जा.
सुनेले सांगितलं नाई.
दुपारी रोहित म्हणे, "आला का फोन?"
म्हटलं, टावर नाई इथी दोन दिवसापासून.
त्यानं पाठीले उशी मागितली. दिली.