मचाणाखालचा जाडा चोर

५ सप्टेंबर
कॅमेरा घेतला. जंगलात झाडाला बांधायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो. दुकानदार तासभर डोकं खात होता. फोनवर फोटो पाठवणारा की कार्डवाला, दिव्याचा की बिनदिव्याचा. शेवटी दिसायला दणकट होता तो उचलला. माहितीपुस्तिका दुकानातच ठेवली. ती नवशिक्यांसाठी असते.

शिकारीचे अकरा सीझन हात हलवत परतलोय. दोष नेमाचा नाही, माहितीचा आहे. सासरे एल्डन फेब्रुवारीत गेले, तेव्हापासून त्यांचं ओकच्या झाडावरचं मचाण रिकामं. सासूबाई मार्लिस म्हणाल्या, वर्लिन, या सीझनला त्यावरून हरणाचा नर पाडलास तर मचाण तुझं. नाहीतर मी बसेन. वय अडुसष्ट! मी हसलो. एकटाच हसलो.

६ सप्टेंबर, दुपारी १२:१५
ओकच्या समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला. त्याने वेळ विचारली, एएम की पीएम. माझं जेवण व्हायचं होतं, म्हणजे सकाळच. एएम.

९ सप्टेंबर
१,८४६ फोटो. सगळे हलणाऱ्या गवताचे. एकात खार. रोक्सॅनने विचारलं, यंदा गवताची शिकार का? बायकोला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. गवत कापून आलो.

१९ सप्टेंबर
नर! दहा टोकांची शिंगं! तीन दिवस, तीन फोटो. संध्याकाळी ६:४०, ६:४३, ६:४०. उजेड जेमतेम, पण तोच.

अख्खा गाव पहाटे चारला उठून थंडीत कुडकुडत बसतो. खुळे लेकाचे. पहाटे उठायचं नाही, हा निश्चय मी आधीच केला होता. आता त्याला पुरावा मिळाला.

२३ सप्टेंबर
गंभीर बाब. आपल्या जमिनीत चोर फिरतोय. फोटोत एक जाडा माणूस कॅमेऱ्यापाशी पाठमोरा वाकलाय. वेळ रात्री १२:२०. रात्र असून फोटो लख्ख, कॅमेऱ्याची कमाल आहे. जाकीट माझ्यासारखंच, म्हणजे भामटा आमच्याच दुकानातून कपडे घेतो.

आज दुपारी कार्ड काढायला गेलो तेव्हा आजूबाजूला नीट पाहिलं. कुणी नव्हतं.

रोक्सॅनला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, बाई गं, केवढा हा माणूस. आणि आत गेली. घाबरली असावी.

२६ सप्टेंबर
सासूबाईंना म्हणालो, पहाटे मचाणावर तुम्ही बसा. मला ती वेळ नकोय. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हणालो, खुशाल! डोळे पुसत एल्डनची टोपी शोधायला गेल्या. माझा चांगुलपणा कधीकधी मलाच जड जातो.

२९ सप्टेंबर
संध्याकाळी क्रॉसबो, म्हणजे चापाचं धनुष्य, घेऊन मचाणावर बसलो. नर नाही. माझा वास आला असेल. उद्यापासून मचाणावर चिप्स बंद.

१ ऑक्टोबर
नर नाही. चिप्सशिवाय लक्ष लागत नाही, असा निष्कर्ष.

२ ऑक्टोबर
नर नाही. तो चोर त्याला बुजवतोय. पोलिसांत, शेरीफच्या ऑफिसात फोन केला. त्यांनी वर्णन विचारलं. सांगितलं: जाडा, पन्नाशीचा, माझ्या उंचीचा. पलीकडचा माणूस खोकत होता.

४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५
मार्लिसचा फोन. अजून अंथरुणातच होतो. म्हणाल्या, पाडला. दहा टोकं मोजलीत. दोरी घेऊन ये आणि ओढ, माझी पाठ दुखते.

नर संध्याकाळचाच होता. आज काहीतरी बिनसलं असेल त्याचं. अपवादावरून नियम ठरत नाही.

५ ऑक्टोबर
शेवटचं कार्ड पाहिलं. मार्लिस एल्डनच्या टोपीत मचाणाची शिडी चढतायत. वेळ, १ तारीख, संध्याकाळी ६:०५. त्या वेळी मचाणावर मी होतो. चिप्सशिवाय.

शेवटचा फोटो. जाडा माणूस दोरीने नर ओढतोय, पाठमोरा, वाकलेला. वेळ, ३ तारीख, रात्री ८:१०, म्हणजे नर पडायच्या आधीची रात्र. जाकीट तेच.

कॅमेऱ्याचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडलं, बारा तास मागे. मग रोक्सॅनला हाक मारून म्हणालो, चोर सापडला.

ती म्हणाली, मला पहिल्याच फोटोत सापडला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ती पाठ मी ओळखणार नाही होय?

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. तू पहाट सोडलीस आणि ती उठून तयार झाली. मी कशाला बोलू?

कॅमेऱ्याची वेळ दुरुस्त केली.

संध्याकाळी मार्लिस आल्या. म्हणाल्या, मचाण माझं, पण शिडीचा पाय डुगडुगतो. मी चढताना कुणीतरी धरायला हवं. एल्डन धरायचा. थर्मास पण आणायचा, दोन चमचे साखर घालून.

उद्या पहाटे साडेपाच. गजर लावला. एएम की पीएम, ते रोक्सॅनकडून तपासून घेतलं.