बाजूच्या सीटचा ब्रेक

प्रिय भिंगरी,

घरात फोन असताना आईने पत्र का लिहिलं, म्हणून घाबरू नकोस. आम्ही दोघंही बरे आहोत, म्हणजे उठतो, बसतो, भांडतो. फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा स्पीकर लावून शेजारी ठाण मांडतात आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून ते अंघोळीला गेले की मी थोडं थोडं लिहिते आहे. अंघोळीला त्यांना हल्ली बराच वेळ लागतो.

तू मागच्या वेळी रागावलीस ते माझ्या मनातून जात नाही. बाळ रांगायला लागलं, आता धरून उभंही राहतं, पण आजी-आजोबांना अजून घाट ओलांडवत नाही, असं म्हणालीस. बाबा म्हणाले, आम्हाला काय विचारतेस, गाडीला विचार. तू फोन ठेवून दिलास. तुला वाटलं ते उडवाउडवी करतायत. पण ते अगदी मनापासून बोलत होते गं. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि परवापरवापर्यंत माझाही होता.

गाडीचं रामायण तुला तुकड्यातुकड्यांत कळलं असेल, आता सगळं एकदम सांगते. कंपनीकडून पत्र आलं होतं की या मॉडेलच्या डिझेल गाड्या ठरल्यापेक्षा घाण धूर सोडतात, तेव्हा सर्व्हिस सेंटरला आणा, इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून देतो, पैसे लागणार नाहीत. फुकट म्हटलं की त्यात काहीतरी काळंबेरं असतं, असं बाबा तेव्हाच म्हणाले होते. पण न केलं तर तपासणीत गाडी अडकणार, म्हणून नाइलाजाने घेऊन गेले. येताना आपल्या खालच्या वळणावर गाडी अशी रखडत चढली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला. त्या दिवसापासून एकच पालुपद, माझ्या गाडीचा जीव काढून घेतला. खाली गावात ज्यांच्याकडे तसल्या गाड्या आहेत त्यांचीही हीच रड, त्यामुळे मी कशाला शंका घेऊ? दोन माणसं आणि सामान घेऊन तुझ्याकडचा घाट ही चढायची नाही, मध्येच मान टाकेल, असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्ही बसलो.

बसलो म्हणजे अक्षरशः बसलो. वरपर्यंत येणारी बस बंद झाली हे तुला माहीत आहे. शेजारचं घर कुलूपबंद आहे. किराणा आणायला खाली जायचं आणि गाडीला जपत जपत परत यायचं, एवढाच काय तो आमचा प्रवास. एरवी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते. तिथून रस्ता दिसतो, वळणं दिसतात, दुसऱ्यांच्या गाड्या भराभर चढताना दिसतात. मला इतकं कोंडल्यासारखं व्हायचं की एकदा मी भांडी घासता घासता मोठ्याने रडले. बाबा म्हणाले, एवढं काय, एक बशीच फुटली ना.

अख्ख्या गावाला ज्यांनी गाडी शिकवली, त्यांच्या बायकोला गाडी येत नाही, हा विनोद तू लहानपणापासून ऐकत आलीस. नवऱ्याने बायकोला शिकवायला घेतलं की संसार मोडतो, म्हणायचे, आणि मीही हसून सोडून द्यायची. तुला मात्र त्यांनी कशी घासून पुसून तयार केली! पाय सांगेल ते गाडी ऐकते आणि गाडी सांगेल ते पायाने ऐकायचं, हे त्यांचं वाक्य तू नक्कल करून म्हणून दाखवायचीस. ते निवृत्त झाले, टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काढली, पण बाजूच्या सीटपुढचा तो दुसरा ब्रेक, शिकाऊ लोकांना वाचवायचा, तो काढला नाही. राहू दे, त्यावर माझी भाकरी झाली, म्हणाले. मी इतकी वर्षं त्या सीटवर पाय एका अंगाला दुमडून बसत आले. तिकडे पाय नको, ही मला मिळालेली एकमेव शिकवणी.

आता मधलीच एक गोष्ट सांगते. उन्हाळ्यात एका सकाळी बाबा अंगणातून आत आले ते एकाच चपलेने. दुसरी बाहेर पायरीवर पडलेली. मी म्हटलं, राजे, एक चप्पल बाहेर कुणाच्या स्वागताला ठेवलीत? त्यांनी खाली बघितलं आणि चमकले. त्यांना कळलंच नव्हतं. मग एकदा गरम पाण्याच्या पिशवीने उजव्या तळव्याला हा एवढा फोड आला आणि तोही मीच पाहिला. साखर वाढली असेल, डॉक्टरकडे चला म्हटलं, तर हॉलमध्ये चवड्यांवर चालून दाखवलं मला. बघ, काय झालंय माझ्या पायाला! चपलेचा आणि गाडीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तू असा फोन आपटलास, त्यानंतर आठवडाभर ते नुसते गाडीभोवती फिरत होते. मग एके दिवशी उठून म्हणाले, रीमॅप करून घेऊ. इंजिनला केव्हा किती डिझेल द्यायचं याचा जो हिशेब त्या सॉफ्टवेअरमध्ये असतो तो पुन्हा बदलून गाडीत ताकद भरायची, याला रीमॅप म्हणतात, हे मला आता झोपेतही सांगता येईल. खाली टायरच्या दुकानामागे एक मुलगी हे काम करते. तू ओळखशील, तुझ्या मागच्या बॅचची, क्लच सोडताना डोळे मिटायची ती. आता सगळे तिला लॅपटॉपवाली म्हणतात. तिने बाबांना स्पष्ट सांगितलं, सर, धूर पुन्हा वाढेल, आणि तपासणीत सापडलात तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस तो, क्षणभरही न थांबता म्हणाला, चालेल. नातवाला बघायचंय मला. तेव्हा मला त्यांची इतकी माया आली म्हणून सांगू.

काही बदलण्याआधी गाडी काय करते ते नोंदवावं लागतं म्हणे. तिने लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडली, स्वतः मागे बसली, मी माझ्या जागी पाय दुमडून, आणि बाबांनी खालच्या वळणाचा चढ घेतला. गाडी रडतच चढली. ती मागून म्हणाली, सर, पूर्ण दाबा. बाबा म्हणाले, पूर्णच दाबलाय, आता तू मला शिकवणार? ती लॅपटॉपकडे बघत राहिली. परत आल्यावर बाबा टायरवाल्याशी गप्पा मारायला गेले आणि तिने मला हळूच जवळ बोलावून स्क्रीन दाखवला. एक रेघ होती, पाय अ‍ॅक्सिलरेटर किती दाबतोय ते दाखवणारी. ती अर्ध्याच्या वर कुठेच गेली नव्हती. मग मला शेजारी बसवून तिने तोच चढ स्वतः घेतला. अगं, तीच गाडी! अशी चढली की माझी पाठ सीटला चिकटली. कंपनीच्या बदलाने उचल घेताना थोडी सुस्त झालीय, ती म्हणाली, पण तेवढीच. काकू, गाडी ठीक आहे. सरांना पाय कळत नाहीये.

मला कुणीतरी थंड पाण्यात उभं केल्यासारखं झालं. ती पोरगीही रडवेली झालेली. मी सरांना नाही सांगू शकत, म्हणाली. थोडा दाबला तरी गाडी उसळेल असं पेडल हलकं करता येतं, लोक पैसे देऊन करून घेतात, पण या पायाखाली ते मी करणार नाही. मग काय करायचं, हे तिने मला विचारलं. मला! जिला गिअर कुठे आणि वायपर कुठे कळत नाही तिला. मी म्हटलं, काही करू नकोस, केलं म्हणून सांग. वाटलं, निघताच यांच्या लक्षात येईल, चिडतील, गाडीचा नाद सोडतील. बाबा बसले, चढ घेतला, तसेच रखडत, मागे दोन गाड्या तुंबलेल्या, आणि चेहरा उजळून म्हणाले, वा! आता कशी पळायला लागली! मला आधी हसू फुटलं आणि मग खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

नंतरच्या फेरीला मी पहिल्यांदा पाय सरळ केले आणि उजवा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवला. साडीचा घोळ पुढे ओढून घेतला, दिसू नये म्हणून. उतारावर वळणातून एक लॉरी उलटी बाहेर येत होती. बाबांनी ती पाहिली, पाय उचललाही, पण तो ब्रेकच्या कडेवरून घसरला आणि त्यांना पत्ता नाही. मी जीव खाऊन दाबला. गाडी थांबली, पिशवीतले कांदे पुढे घरंगळत आले. बाबा म्हणाले, बघितलंस, अजून ब्रेकवर पाय कसा बसतो माझा? माझं पेडल दाबलं की त्यांचंही पेडल आपोआप खाली जातं, हे तुला माहीत आहे. त्याने शिकाऊ पोरं दचकायची, तूही दचकायचीस. त्यांना ते जाणवलंच नाही. मी कांदे गोळा केले आणि हो म्हटलं.

त्यानंतर मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. गाडीतलं तुला काय कळतं, म्हणाले, आणि तेही खोटं नाही. खरंच कळत नाही. आणि खरं सांगू, मलाही भीती वाटते. त्यांनी किल्ली ठेवली की आम्ही दोघं या टेकाडावर कायमचे. सांगितलं तर घरात अडकतो, नाही सांगितलं तर गाडीत. रात्री माझ्या पोटरीत गोळे येतात, तेव्हा ते प्रेमाने तेल चोळून देतात आणि म्हणतात, बसल्या बसल्या हिला काय होतं कोण जाणे.

आता हे पत्र कशासाठी ते. येत्या रविवारी आम्ही तुझ्याकडे यायला निघणार आहोत. तुला अचानक गाठायचा त्यांचा बेत आहे. मागच्या सीटवर त्यांनी बाळाची खुर्चीसुद्धा बसवली आहे, तीनतीनदा ओढून बघितली. येताना तुम्हा दोघांना घेऊन यायचं, नातवाला पहिली घाटातली फेरी आजोबांनी मारायची, असं चाललंय. रोज तिच्यावरची धूळ झटकतात. पोरी, वर्षभर तू या म्हणालीस, आणि आता मी तुला सांगते आहे की आम्हाला येऊ देऊ नकोस. रविवारच्या आत तूच ये. बाळाला जावईबापूंकडे ठेव, त्याला आणू नकोस. आल्यावर बाबांना म्हण, एक चक्कर मारू, आणि माझ्या जागेवर तू बस. पाय ब्रेकवर ठेव आणि त्यांच्या पायाकडे बघ. मग जे बोलायचं ते तू बोल, मी तुझ्या बाजूला उभी राहीन, सॉफ्टवेअर बदललंच नाही हेही मीच सांगेन. ते तुझं ऐकतील. तुला त्यांनी शिकवलंय. आणि ते रडून, चिडून झालं, की किल्ली माझ्या हातात दे आणि त्यांना या ब्रेकच्या सीटवर बसव. संसार मोडायचा असेल तर मोडू दे, पण मला शिकव. लॅपटॉपवाली हे पत्र खालच्या टपालपेटीत टाकणार आहे. बाथरूममधला नळ बंद झाला, आता थांबते.

तुझी वाट बघणारी, पाय अजून ब्रेकवरच असलेली, तुझीच
आई