दोजख

औरंगाबाद, फेब्रुवारी १९५३

प्रिय अनू,

परवा कचेरीत माझं साहेबांशी वाजलं. पोलिस ॲक्शननंतर शाळेतला फारसीचा वर्ग बंद झाला आणि तुझा अप्पा जुने उर्दू कागद मराठीत उतरवायला बसला, हे तुला ठाऊकच आहे. गंगापूरच्या साळूबाईचा जबाब माझ्याकडं आला होता. नवऱ्याच्या मारानं तिचा डावा डोळा गेला, त्या खटल्याचा. ‘जिंदगी दोजख झाली’ असं तिनं सांगितलेलं. मी दोजख तसाच ठेवला. साहेबांनी तांबड्या शाईनं खोडून ‘नरक’ केलं. म्हणाले, “मास्तर, निजामी गेली. हे परके शब्द आता कशाला?”

मी तापलोच. म्हटलं, परका कसा? जुन्या इराणी भाषेत हा ‘दुझ-अंहु’. दुझ म्हणजे आपल्या दुर्जन, दुष्काळातला ‘दुस्’. अंहु म्हणजे आपल्या ‘असु’चा, प्राणाचा सख्खा भाऊ. वाईट जगणं, हा मूळ अर्थ. पुढं हाच शब्द आर्मेनियातसुद्धा गेला. नरक मेल्यावरचा, साहेब. ही बाई जितेपणीचं सांगतेय. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “झालं का तुमचं?” वीस वर्षं जे शिकवलं, ते ऐकायला या शहरात आता माणूस मिळत नाही.

धुसफुसतच घरी आलो. तुझ्या आईला सगळं पुन्हा ऐकवलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, “पण त्या बाईला आधीच कुणी घरी का नाही आणलं?” मी तिचा शब्दच तेवढा पाहिला होता.

आज पुढचे कागद काढले. त्यात साळूबाईच्या बापाचा, पुंजारामचा जबाब. पोरगी दोनदा माहेरी पळून आली, दोन्ही वेळा त्यानंच तिला परत नेऊन पोचवलं. ‘ती सांगत होती, मला वाटलं रागात बोलतेय,’ असं तो म्हणतो. खाली अंगठा.

अनू, दिवाळीत तू लिहिलं होतंस, ‘अप्पा, इथं माझं जगणं दोजख झालंय.’ मुलीनं शब्द नेमका वापरला म्हणून मी खूश झालो आणि उलटटपाली त्याच्या कुळाची चार पानं धाडली. तुला काय होतंय, हे त्यात एका ओळीनंही विचारलं नाही. तेव्हापासून तुझं पत्र नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं जालन्याला येतोय. तुझ्या सासऱ्यांशी काय बोलायचं ते मी बोलेन. तू कुणाला काही पटवून देऊ नकोस. माझ्याबरोबर घरी चल.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला
अप्पा