दुसरी किल्ली

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच. शाळेच्या गणवेशांचं काम एकदाचं उरकलं. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? तिला शनिवारी माझ्याकडे पाठव, ब्लाऊज बेतायचे आहेत. दोन दिवस राहू दे. अडवू नकोस.

कागदावरचं पत्र बघून हसशील. हसून घे. कॉम्प्युटरवर लिहिलं तर तुझ्याआधी दुसरंच कोणी वाचेल.

गेल्या महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला मी कात्री घेऊन टेबलाशी उभी होते. माऊसला हात लावला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण हलला. मापांची फाइल उघडली. गिऱ्हाइकांची नावं भराभर वर सरकली आणि बाण थांबला तो चिऊच्या नावावर. नवऱ्याचं घर सोडल्यापासून माझी लेक कुठे राहते, कुठल्या दवाखान्यात काम करते, ते मी तिच्या मापांखाली लिहून ठेवलं होतं. छाती-कंबरेच्या आकड्यांत कोण कशाला बघतंय! केवढी हुशार मी. कॅमेऱ्याचा दिवाही लागलेला दिसला. त्यावर अस्तराचा तुकडा चिकटवला.

तिसऱ्या दिवशी जावई तिच्या दवाखान्याच्या फाटकासमोर उभा. तिच्याकडे बघून नुसता हसला. तासाभरात तिने बाडबिस्तरा हलवला. आता ती कुठे आहे ते फक्त माझ्या डोक्यात आहे.

मग मी दुरुस्तीवालीला बोलावलं. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "काकू, लांबून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम आहे यात. कोणी टाकला?"

"भावाने. मला काही अडलं की तो त्याच्या घरून बघतो."

"यातून दोघं येतात. एक तुमचा भाऊ. दुसरा कोण?"

तिने पासवर्ड बदलून दिला आणि बजावलं, "कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचा नाही. काकांनासुद्धा."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हटलं, "त्यांची काही भीती नाही."

आणि त्याच संध्याकाळी तुला फोन करून नवा पासवर्ड सांगितला. आईने लावलेली सवय ना आपल्याला, प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली भावंडाकडे. माझ्या घराची तुझ्याकडे, तुझ्या घराची माझ्याकडे. फोन ठेवेपर्यंत वेगळा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

आठव्या दिवशी, दुपारी चारला, बाण परत हलला.

लगेच राग नाही आला रे. आधी नवा पासवर्ड कोणाकोणाला सांगितला ते मोजलं. एकट्या तुला. मग आठवलं, तुझी बायको मागे बोलून गेली होती की जावई दर रविवारी तुमच्याकडे येतो, तिची औषधं आणून देतो, तुझ्यापुढे बसून रडतो. तूही फोनवर म्हणालास, "ताई, माणूस बदललाय गं. एक संधी तर दे." दोघांचं जुळवून द्यावं असं तुझ्या मनात असेल. पण चिऊच्या मनगटाचं हाड कसं जुळलं ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. तिच्या सगळ्या ड्रेसची उजवी बाही मीच लांब केली.

पासवर्ड मी पुन्हा बदलला नाही. आज दुपारी चिऊच्या मापांखाली तिचा नवा पत्ता लिहिला. चारला बाण आला. त्या ओळीवर बोट ठेवून वाचावं तसा थांबला आणि गेला.

पत्ता तुझा आहे, बारक्या. 'मामाकडे, मागची खोली. कोणी विचारलं तर मामा नाहीच म्हणणार आहे.'

त्याला सुट्टी रविवारचीच असते. तू त्याला सांगशील, ती इथे नाही. खरंच सांगशील. तीही त्याला खरंच सांगायची. तो कसा ऐकून घेतो ते एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ. नाहीतर त्याच्याआधी पोलिसांकडे जा आणि त्याला काय काय दिलंस ते तुझ्या तोंडाने सांग. हे पत्र शुक्रवारी मिळेल. एक दिवस हातात आहे.

तुझ्या घराची दुसरी किल्ली पाकिटात घातली आहे. माझी परत करू नकोस, मी कुलूप बदललं.

रविवारी कडी आतून नीट लाव.

तुझी,
ताई