साहेबाची अकरा हजार पावलं

३ फेब्रुवारी, सकाळी ११
कुत्र्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. साहेबाचं वजन चौतीस किलो. साहेब हे नाव मीच ठेवलं, कारण तोही दिवसभर एका जागी बसून दुसऱ्यांना कामाला लावतो. डॉक्टर म्हणाला, महिन्याभरात तीन किलो उतरवा, नाहीतर मागचे पाय कामातून जातील. मिसरूड न फुटलेला डॉक्टर मला शिकवतो.
बायकोने घरी येईपर्यंत निकाल देऊन टाकला. २८ तारखेपर्यंत वजन उतरलं नाही तर कुत्रा तिच्या भावाकडे जाणार, कारण त्याच्याकडे अंगण आहे. अंगण सोडून त्या माणसाकडे आणखी काय आहे, हे मी लग्नापासून शोधतोय.
समोरचा रस्ता पाइपासाठी खणलाय. लोक मागच्या गल्लीतून कुत्री फिरवतात. फिरवतात कसली, कुत्रीच त्यांना फरपटत नेतात. मी घरातल्या घरात शास्त्रशुद्ध व्यायाम देणार. साहेब कुठेही जाणार नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एकवीस फूट. मोजले. चेंडू फेकला. साहेबाने चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय करायचं ते कळावं म्हणून मीच आणून दाखवला. असं दहा वेळा. अकराव्या वेळी त्याने शेपूट हलवलं. प्रगती आहे.

६ फेब्रुवारी
पावलं मोजायचा पट्टा आणला. साहेबाच्या गळ्यात बांधला. दुपारपर्यंत एकशे बारा पावलं. पट्टा सदोष. पस्तीस वर्षं कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, खराब माल मला लांबून कळतो. मानेवर केस दाट असल्याने रीडिंग येत नसणार. म्हणून माझ्या मनगटाला बांधला. व्यायाम आम्ही बरोबरच करतो, तेव्हा आकडा तोच.
संध्याकाळी ६: चार हजार. साहेबाच्या तक्त्यात नोंद केली.

९ फेब्रुवारी
आज बिस्किटं लपवण्याचा खेळ. वासावरून शोधताना कुत्रा आपोआप हिंडतो, असं वाचलंय. सोफ्याखाली, कपाटामागे, चपलांच्या स्टँडमध्ये, एकूण चौदा. साहेब हलला नाही. शेवटी मीच रांगत जाऊन सगळी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. चौदाच्या चौदा त्याने ओळखली. नाक तेज आहे.

१३ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाई वर आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हातातली छडी तेवढी सुटलेली नाही. म्हणाल्या, आठवडाभर डोक्यावर धाडधाड कोणीतरी पळतंय. मी ताठ मानेने सांगितलं, आमचा कुत्रा व्यायाम करतो. बायको आतून म्हणाली, कुत्रा केव्हाचा पंख्याखाली घोरतोय. घरचा भेदी तो हाच. बाई हसत खाली गेल्या.

१७ फेब्रुवारी
अडथळ्यांची शर्यत. दोन खुर्च्यांवर झाडूचा दांडा आडवा ठेवला. उडी कशी मारायची ते दाखवताना दांडा मोडला आणि गुडघा सुजला. बायकोने चौकशी केली, दांड्याची.
साहेब मात्र उठून आला. गुडघा चाटला आणि मांडीला टेकून तासभर बसून राहिला. चेंडू माझ्या हातात होता, पण फेकला नाही. विश्रांतीलाही शास्त्रात जागा आहे.

२२ फेब्रुवारी
मेहुणा टपकला. म्हणाला, दाजी, बारीक झालात. जळतो माझ्यावर. मग साहेबाला नुसतं चल रे म्हणाला आणि मागच्या गल्लीत घेऊन गेला. ना तक्ता, ना मोजमाप. अर्ध्या तासाने दोघं चिखलाने बरबटून परत आले. साहेबाची जीभ हातभर बाहेर. बिचाऱ्याचे हाल बघवेनात. पुसून काढला आणि वर पाच बिस्किटं दिली.

२७ फेब्रुवारी
अकरा हजार पावलं. उद्या डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं होणार. तक्ता फाइलला लावला.

२८ फेब्रुवारी, रात्री ८
सदतीस किलो. काटा सदोष आहे असं मी सांगितलं. डॉक्टरने मलाच काट्यावर उभं केलं. बायको म्हणाली, काटा बरोबर आहे, हे पाच किलोने उतरलेत. डॉक्टर तक्ता बराच वेळ बघत होता. मग विचारलं, पट्टा नक्की कोण बांधत होतं. मी फाइल मिटली.
संध्याकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. मी म्हटलं, साहेबाला उचलून ठेवावं लागेल, पाय अधू आहेत. साहेबाने उडी मारली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. उडी येते त्याला.

१ मार्च, रात्री ९
मुख्याध्यापिका बाई वर आल्या. आवाज नाही म्हणून काळजी वाटली, म्हणाल्या. मी ठीक आहे असं सांगितलं. ठीक नाही. करमत नाही.
सवयीने चेंडू फेकला. मीच आणला. आणून कोणासमोर धरायचा ते कळेना.
पट्ट्यात दिवसभराची एकोणतीस पावलं. पट्टा चांगला आहे.