सहा बंद घड्याळं

टोकियो, ४ एप्रिल २०२५

ती. ज्ञानेश्वरदादास,
शि. सा. न. रत्नावहिनींनाही नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाही.

तेजूकडे मी मजेत आहे. लेक मला फिरवता फिरवता दमली. इथल्या नाकानो भागात जुन्या मनगटी घड्याळांची दुकानं आहेत. रविवारी तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे चावीचं घड्याळ पाहिलं. आतलं सगळं मूळचं आहे, असं त्यानं तेजूमार्फत सांगितलं. मी झाकण उघडायला लावलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हटलं, यातला एक स्क्रू दुसऱ्या घड्याळाचा आहे. त्यानं पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. मग बंद पडलेलं एक घड्याळ माझ्यापुढं सरकवलं. पाऊण तासात ते चालू झालं. म्हातारा उठून कमरेत वाकला, दादा!

आबांच्या मंचरच्या घड्याळदुरुस्तीच्या गाळ्यात मी हे शिकले. चौदाव्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी मला तिथून उठवलंत. पोरगी बाजारात बसलेली बरी दिसत नाही म्हणून. कळंबला सासरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं उघडत राहिले, म्हणून हात विसरले नाहीत. काल सहा बंद घड्याळं विकत घेतली. ती घेऊन आबांच्या गाळ्यात दुकान मांडणार आहे. विचारत नाही, कळवतेय.

तुझी,
उज्ज्वला

अवसरी बुद्रुक, १९ एप्रिल

चि. उज्ज्वलास आशीर्वाद. इकडं समदं ठीक.

तुझं पत्र रत्नानं मोठ्यानं वाचलं, तेही दोनदा. लोक परदेशातून चॉकलेट आणतात आन् तू मेलेल्या माणसांची बंद घड्याळं आणतीस. माझ्या मोहितचं लग्न पंचवीस मेला आहे, घरात असलं काही नको.

गाळा आबांच्या माघारी मीच सांभाळला. अठ्ठावन्न वर्षांची तू, तुझ्या मालकांच्या माघारी बाजारपेठेत बसलीस तर पावणं मलाच विचारणार, बहिणीला सांभाळाया जमलं न्हाई का? गाळा मला मोहितच्या नावावर करायचाय. सोबत हक्कसोडीचा कागद आहे. खूण केली तिथं सही कर. बहिणी करतातच. राग धरू नको, माझा लई जीव आहे तुझ्यावर.

तुझा दादा

टोकियो, २ मे

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझा कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही.

बहिणी करतातच, हे खरं. अवसरीच्या रानावर मीही केली होती, न वाचता. तू साडी नेसवलीस, मी हसून नेसले. साडीचं दुःख नाही, न वाचल्याचं आहे. या वेळी वाचला, दोनदा.

मेलेल्यांची घड्याळं म्हणतोस. ज्या विहिरीवर आपण वाढलो, तीही मेलेल्यांनीच खणली होती. पाणी कधी बाटलं नाही.

लग्नाला येतेय. आत्या म्हणून पुढं बसेन, आणि पावण्यांनी विचारलं तर काय धंदा करणार तेही मीच सांगेन. तुला उत्तरं द्यायचा त्रास नको.

मोहितला आशीर्वाद.
उज्ज्वला

अवसरी बुद्रुक, १ जून

चि. उज्ज्वलास,

कळंब इथून हाकेवर, तरी लिहितोय, कारण बोलायला गेलो की आवाज चढतो. भर मांडवात तू भिमाजीमामांचं घड्याळ उघडून बसलीस. पंगत थांबली, समदे तुझ्याभोवती. मी ताटं घेऊन एकटा उभा. मामा जाताना आबांचं नाव घेऊन म्हणाले, हात कुशाबाचाच आहे. मला रात्रभर लागून राहिलं ते.

वकिलाला विचारलं. गाळा निम्मा तुझा. मी कोर्टात जाणार न्हाई. मधे भिंत घालतो. पुढची बाजू मोहितला, मागची तू घे. बाईमाणसाला आडोसा बरा.

दादा

कळंब, ४ जून

ती. दादास,

पत्र पोचलं. भांडलास, पण खरं लिहिलंस, म्हणून तुझ्या पाया पडते.

भिंत घाल. पण आडवी नको, उभी घाल. शटरपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरायला उजेड लागतो. आडोसा मी चव्वेचाळीस वर्षं भोगला. मोहितच्याही दारात रस्ता हवा आणि माझ्याही.

गवंड्याला सोमवारी बोलव. सकाळी आठला मी टेप घेऊन गाळ्यापुढं उभी असेन. तूही ये. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.

लोभ मागत नाही. तो आहे, हे मला ठाऊक आहे.

उज्ज्वला